शनीसमोरची खुर्ची

धोंडू मिस्त्री नवा माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे पाहत नसे, गुडघ्यांकडे पाहत असे. जमिनीच्या मोजणी खात्यात असताना माझी कर्जतला बदली झाली आणि मी त्याच्या शेजारचे घर भाड्याने घेतले. बैलगाडीतून सामान उतरत असताना तो कुंपणाशी येऊन उभा राहिला. आधी त्याने माझ्या खुर्चीकडे पाहिले, मग माझ्या धोतराकडे, आणि म्हणाला, "भाऊ, तुमी गुडघ्यापत्तुर बावीस बोटं. खुर्ची पंचवीस बोटं. पाठ दुखत असंल."

पाठ दुखत होती. दुसऱ्या दिवशी तो खुर्ची घेऊन गेला आणि तिचे पाय तीन बोटे कापून त्याने ती परत आणून ठेवली. ती अजून माझ्याकडे आहे.

रेल्वेच्या शेडमध्ये तो सुतार होता. मालगाडीच्या डब्यांच्या फळ्या बदलणे, ब्रेकचे लाकडी ठोकळे घासून बसवणे, हे त्याचे काम. पन्नाशीच्या अलीकडचा, काळा, उभट, कानामागे पेन्सिलीचा तुकडा. रंधा मारून झाला की तो लाकडाला हात लावून पाहत नसे. डोळे मिटून त्यावर गाल टेकवी. "हाताला घट्टं पडल्यात, त्याला काय कळतं? गाल अजून जिता हाय," असे म्हणे. मोडलेली वस्तू कुणी आणली तर ती कशी मोडली हे न विचारता तो विचारी, "हिच्यावर कोण बसतं? कसं बसतं?" त्याच्या मते माणसांच्या बहुतेक तक्रारी म्हणजे चुकलेली मापे होती. शेडमधल्या एका भांडखोर मुकादमाबद्दल तो मला म्हणाला होता, "त्याची उशी उंच असंल." हे तो थट्टेने म्हणाला नव्हता.

त्याची बायको पार्वती. आम्ही तिला पारूवहिनी म्हणत असू. मूलबाळ नव्हते. बारीक चणीची, बोलकी बाई. मिणमिणत्या दिव्यातही सुईत दोरा एका फटक्यात ओवी. माझ्या बायकोचे तिच्याशी पहिल्या आठवड्यातच जमले.

दुर्बीण मिस्त्रीकडे आली ती चुकून. रेल्वेचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. लोक पलंग आणि काचसामानावर तुटून पडले. मिस्त्रीने एक लांबट सागवानी पेटी घेतली, आत हत्यारे असतील म्हणून. आत पितळी दुर्बीण निघाली. तिच्याबरोबर एक ठेंगणी तिवई होती, ती इतकी डगमगत होती की मिस्त्रीला दुर्बिणीपेक्षा तिवईचाच आधी राग आला.

पहिल्या रात्री त्याने चंद्र पाहिला आणि सकाळी मान धरून माझ्याकडे आला. "भाऊ, माणूस वर बघायला केलेलाच नाय. मान मागं जाती तिथं एक बिजागरी बसवायची राहून गेली हाय."

ती राहून गेलेली बिजागरी तो पुढे सात वर्षे बसवत राहिला.

त्याची एकेक युक्ती मी वहीत टिपून ठेवली आहे. टिपून ठेवणे हा माझा स्वभाव आहे, त्यात माझे काही मोठेपण नाही. घाट चढायला कर्जतला गाडीला मागून जादा इंजिन लागे, आणि ती निघाली की जमीन थरथरे आणि दुर्बिणीतला चंद्र पाण्यात पडल्यासारखा हाले. मिस्त्रीने तीन पसरट कुंड्यांत भाताचे तूस ठासून भरले आणि तिवईचे तीन पाय त्यांत रोवले. थरथर थांबली. दव पडून काच आंधळी होई, म्हणून घासलेटच्या डब्याचा पत्रा वाकवून त्याने दुर्बिणीच्या तोंडाला वीतभर लांबीची टोपी केली. वही पाहायला कंदील लावला की डोळे दिपत आणि पुढे बराच वेळ बारीक तारे दिसेनासे होत. त्याने शेडमधली सिग्नलच्या दिव्याची फुटकी लाल काच मागून आणली आणि ती कंदिलाला बसवली. लाल उजेडात डोळे दिपत नाहीत, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. रात्रपाळीच्या गार्डांकडे पाहून त्याने ते ताडले होते.

शनी आम्ही पंचांगावरून शोधला. पंचांगात रास पाहून कुठे पाहायचे ते मी सांगितले. त्या वर्षी थंडीत तो जवळजवळ माथ्यावर येई, आणि दुर्बीण सरळ वर केली की डोळा लावायची काच जमिनीपासून हातभर उरे. मिस्त्री घोंगडीवर उताणा पडून कोपरावर अंग तोलत पाहत होता. मग उठून बसला आणि म्हणाला, "भाऊ, गोळा हाय. सोन्याचा. आन त्याच्याभोवती कडं हाय, गोळ्याला न शिवता. कुठंच टेकलेलं नाय. कोन मिस्त्री असंल हो हा?"

कडे किती रुंद दिसते, असे मी विचारले. तो म्हणाला, "गोळा सोळा आणे धरा. तर कडं बी वरपासून खालपर्यंत सोळा आणे उघडं." मी वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिले, सोळा.

इथे मला साडेसातीचे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे झाले. मिस्त्रीच्या राशीला साडेसाती लागून तेव्हा थोडेच महिने झाले होते. एका जोशाने पारूवहिनीला सांगितले होते की ही साडेसाती जड आहे आणि तिची शेवटची अडीच वर्षे तर घरधन्याच्या जिवावर आहेत. तेव्हापासून ती शनीचे नाव घेत नसे. "तो" म्हणे. शनिवारी मारुतीला तेल घाली. संध्याकाळी अंगणातून जाताना वर पाहत नसे.

मिस्त्रीला हे पटत नव्हते, पण तो वाद घालणारा नव्हता. त्याने एकच गोष्ट मनात धरली. पारूने एकदा डोळ्यांनी पाहिले की तिची भीती जाईल. "जे मापात येतं त्याचं काय भ्या?" असे तो मला म्हणे. "येवढं देखणं कडं घातल्यालं, आन ती समजते की तो दात विचकून बसलाय." तिला शनी दाखवायचा, एवढेच काय ते त्याला जगात हवे होते, असे मला पुढची सात वर्षे दिसत गेले.

त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मला नाय बाबा ते लोळून बघायला जमायचं. माझी कंबर धरते."

त्याने खुर्ची करायला घेतली. बसायची फळी जमिनीपासून फक्त नऊ बोटे उंच, पाठीला मागे आडवे होता येईल अशी जोड, आणि आडव्या दांडीला नऊ खाचा. शनी जितका वर, तितकी पाठ खालच्या खाचेत. पारूवहिनीचे माप त्याने सुतळीला गाठी मारून घेतले. टाचेपासून गुडघा, गुडघ्यापासून कंबर, कंबरेपासून मान, मानेपासून डोळा. हे त्याने ती भाकऱ्या थापत असताना घेतले आणि ती ओरडली, "अवो, काय चाललंय हे? मला काय पेटीत घालनार हाय का?"

खुर्ची पुरी व्हायला पावसाळा गेला. नंतर ती म्हणाली, "मला एक डोळा मिटून बसायला येत नाय." त्याने कातड्याची एक झापड करून ती काचेच्या शेजारी बसवली. दोन्ही डोळे उघडे ठेवले तरी डावा आपोआप झाकला जाई. पुढच्या थंडीत ती म्हणाली, "गार लागतं." त्याने पायाखाली भोके पाडलेली पेटी ठेवली, तिच्यात शेगडी. मग म्हणाली, "रस्त्यानं जानारे बघत्यात, बाईमाणूस अशी आडवी पडल्याली." त्याने दोन बाजूंनी बांबूच्या चटयांचा आडोसा उभा केला. डास चावतात म्हणाली. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी वाऱ्याकडून येईल अशा बेताने त्याने मडके टांगले. हात अवघडतो म्हणाली. हाताखाली फिरती फळी आली, तिला कापसाची गादी.

मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, त्यांना नसेलच बघायचं तर?"

तो हसला. "नसतं बघायचं तर नको म्हनाली असती. ती म्हनते, टोचतंय. टोचतंय म्हंजे माप चुकलंय."

माझ्या बायकोला ती हसून सांगत असे, "आता मी काय सांगू तेच कळना. जे सांगीन ते हे करून आनतात." हसत असे, पण आडोशाच्या आत कधी पाऊल टाकत नसे.

त्या खुर्चीइतकी सुखाची बैठक मी अन्यत्र पाहिलेली नाही. दर वर्षी मिस्त्री तिच्यात बसून शनी पाही आणि कडे किती उघडे ते मला सांगे, आणि मी लिहीत असे. पहिल्या वर्षी, घोंगडीवरून, सोळा. मग चौदा. मग बारा. चौथ्या वर्षी साडेआठ. पाचव्या वर्षी पाच. सहाव्या वर्षी तो बराच वेळ पाहत राहिला. मी विचारले तेव्हा हळूच म्हणाला, "लिवा, दोन आणे. दोनच धरा."

मी आकड्यांत वाढलेला माणूस आहे. सोळा, चौदा, बारा, साडेआठ, पाच, दोन. पुढच्या वर्षी काय येणार हे तिसरीतल्या पोरानेही सांगितले असते. मला ते दिसले होते. पण मला वाटले, कडे जागेवर आहे, मिस्त्रीचे डोळे चाललेत. पन्नाशी उलटली होती. शेडमध्ये नजर गेली की काम जाते, हे मला ठाऊक होते. तो आपल्याच आवाजाला घाबरल्यासारखा "दोन आणे" म्हणाला होता, तेव्हा त्याला अधिक खोदून विचारणे मला बरे वाटले नाही. मी वही मिटली.

खरे तर मला एका क्षणात कळू शकले असते. खुर्चीत बसायचे आणि स्वतः पाहायचे. ते मी केले नाही. त्या सहा वर्षांत मी दुर्बिणीला एकदाही डोळा लावला नव्हता. "मी लिहितो, तुम्ही बघा," असे म्हणत आलो. मिस्त्रीला त्यात काही वावगे वाटले नाही. मला स्वतःलाही वाटत नव्हते.

सातव्या वर्षी थंडीत शेडमध्ये एक ओंडका घसरला आणि मिस्त्रीच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. ताप भरला. पंधरा दिवस पारूवहिनी त्याच्या उशाशी बसून होती. साडेसातीचे शेवटचे काही महिने उरले होते. हात बांधलेला असल्यामुळे त्या मोसमात मिस्त्रीने दुर्बीण पेटीतून काढलीच नाही.

वैशाखात एके दिवशी दिवेलागणीला पारूवहिनी आपण होऊन त्याला म्हणाली, "दाखवा आज तो. तोंडावर तोंड करून एकदाच काय ते बोलते त्याच्याशी."

मिस्त्रीने कुंपणावरून मला हाक मारली ती मला अजून ऐकू येते. तीन बोटांच्या हाताने त्याने तिवई मांडली, कुंड्यांत तूस नवे भरले, गादी झटकली. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, माझे डोळे आता नाय राहिले. मला मागच्या साली कडं नीट दिसलंच नाय, मी अंदाजानं सांगितलं तुमाला. पन तिला दिसंल. तिची नजर तुमी बघितली हाय. सुई ववते ती."

त्या संध्याकाळी आडोशात आम्ही चौघे होतो. मिस्त्री, पारूवहिनी, मी आणि माझी बायको. आभाळ स्वच्छ होते. पारूवहिनीने पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला, बसण्याआधी खुर्चीला हात जोडले आणि बसली. सुतळीच्या गाठींप्रमाणे सगळे बरोबर होते. तिचे डोके उशीवर टेकले आणि डोळा आपोआप काचेपाशी आला. मिस्त्री तिच्याकडे पाहत होता, वर नाही.

"मानेखाली बरं हाय?"

"बरं हाय," ती म्हणाली. "लई बरं हाय हो."

"गोळा दिसतो?"

"दिसतो."

"आन कडं?"

तिने डोळा काचेला आणखी जवळ नेला.

"सावकाश बघ. दोनी अंगानं असंल. बारीक असंल, सुईवानी."

"नाय."

"अगं नीट बघ, पारू."

"नाय हो. नुसता हाय. ओका." मग ती अगदी हळू म्हणाली, जसे काही आमच्यापैकी कुणाला सांगायचेच नव्हते, "उतरून ठेवलंय."

"काय?"

"त्याचं कडं. सुतकात बसल्यावानी बसलाय."

ती उठली. माझी बायको तिला धरून घरात घेऊन गेली. मिस्त्री खुर्चीत बसला, त्याने डोळा लावला, काच काढली, तिच्यावर फुंकर मारली, धोतराच्या सोग्याने पुसली, पुन्हा लावली. मी लाल कंदील धरून उभा होतो. शेवटी तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी बघा. तुमचे डोळे धड हायत."

मी म्हणालो, "उद्या बघू, मिस्त्री. आज हवा जरा धुरकट आहे."

हवा धुरकट नव्हती. तेव्हा माझे मला कळले. मी इंग्रजी शिकलेला, सरकारी मोजणीत जमिनीचा तुकडाही इकडचा तिकडे होऊ न देणारा माणूस, सात वर्षे शनीच्या नजरेला नजर देण्याचे टाळत होतो. पारूवहिनीने निदान कंबर, डास, थंडी अशी कारणे तरी दिली. मी वही पुढे केली होती.

त्यानंतर पारूवहिनी बदलली, आणि विचित्र म्हणजे ती आनंदी झाली. संध्याकाळी अंगणात मोकळेपणी फिरू लागली. वर पाहू लागली. शनिवारचा उपास ती पूर्वी फराळावर करी, आता पाणीही घेईना. मग मंगळवार आला, मग सोमवार. माझी बायको रागावली तर म्हणे, "अगं, मला भूकच नाय गं. हलकं वाटतं." मिस्त्री तिच्या ताटात वाढी आणि ती त्याच्या ताटात सरकवी. श्रावणात तिला ताप आला. अंगात काही उरलेच नव्हते. सहाव्या दिवशी ती गेली.

दवाखान्याच्या डॉक्टरने ताप लिहिला. मीही तापच लिहीन, मला त्याहून जास्त लिहिण्याचा अधिकार नाही. पण तेराव्या दिवशी माझ्या बायकोने मला एक सांगितले, जे तिने पारूवहिनीने घातलेल्या शपथेमुळे तोवर दाबून ठेवले होते. पारूवहिनी तिला म्हणाली होती, "त्याला मी खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं. त्यानं दागिना उतरवून दाखवला. म्हंजे आमच्या घरातलं एक मानूस जायचंय. मी म्हटलं, मग माझं घे, ह्यांना सोड. ऐकलं बघ त्यानं."

तीन महिन्यांनी मिस्त्रीची साडेसाती संपली.

ती गेल्यावरही संध्याकाळी त्याच्या पडवीतून रंध्याचा आवाज येत राहिला. मी एकदा गेलो तर तो खुर्चीची पाठ अर्धे बोट घासत होता. "शेवटाला ती बारीक झाली व्हती," तो म्हणाला. "माप आता तेच राहिलं नाय." पुन्हा महिन्याने गेलो तर आणखी अर्धे बोट. आमच्या घरात दिवा लावायची वेळ झाली की माझी बायको त्या बाजूची खिडकी लावून घेई, तरी तो आवाज भिंतीतून येई. लाकडाचा एक पातळ पदर सुटतो तेव्हा होतो तो लांब, कोरडा आवाज. अजूनही कुठे रंधा चालला की मी बोलता बोलता थांबतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी रजेवर पुण्याला गेलो होतो. तिथे शाळेत शास्त्र शिकवणारे एक मास्तर ओळखीचे होते. त्यांच्यापुढे मी माझे आकडे ठेवले. ते उठले, स्वयंपाकघरातून एक ताट घेऊन आले आणि माझ्यासमोर धरले. ताट उभे असताना गोल दिसत होते. मास्तर ते हळूहळू आडवे करत गेले. अरुंद, आणखी अरुंद, मग माझ्या डोळ्याच्या रेषेत येताच ताटाची नुसती कड उरली. "शनीचे कडे इतके पातळ आहे," ते म्हणाले, "की अशा वेळी ते दिसत नाही. दर चौदा-पंधरा वर्षांनी हे होते. त्यानंतरच्या वर्षापासून पुन्हा उघडू लागते."

परत आल्यावर मी मिस्त्रीच्या पडवीत बसलो आणि त्याच्याच घरातल्या परातीने त्याला हे दाखवले. त्याने परात माझ्या हातातून घेतली. स्वतः डोळ्यांसमोर धरली, आडवी केली, उभी केली, पुन्हा आडवी केली. कितीदा तरी.

"म्हंजे कडं व्हतं."

"होतं, मिस्त्री. त्या संध्याकाळीही होतं. आपल्याला दिसायच्या बाजूने नव्हतं."

"आन हे आधी कळतं?"

"आकड्यांवरून कळतं."

"कंच्या आकड्यांवरून?"

मी वही दिली. त्याला अक्षर येत नव्हते, आकडे येत होते. त्याने उरलेल्या बोटांपैकी एक बोट प्रत्येक आकड्यावर टेकवले. सोळा, चौदा, बारा, साडेआठ, पाच, दोन. दोनच्या पुढे कोरी जागा होती. बोट तिथे थांबले.

"हे तुमच्या वहीत व्हतं, भाऊ."

त्याच्या आवाजात ठपका नव्हता. असता तर मला बरे झाले असते. मी म्हणालो, "मला वाटलं, तुमचे डोळे गेले."

"मला बी तेच वाटलं." त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "दोघं मिळून माझे डोळे जपत बसलो."

त्या रात्री मी खुर्चीत बसलो आणि प्रथमच शनी पाहिला. पारूवहिनीच्या मापाच्या खुर्चीत माझे अंग मावत नव्हते. कडे पाच आणे उघडे होते. ते फार सुंदर होते. मी हे मिस्त्रीला सांगितले. पारूवहिनीने शनीशी काय बोलणे केले होते, ते मात्र सांगितले नाही, आणि ते त्याच्यापासून लपवून मी बरोबर केले की चूक, याचा हिशेब मला आजतागायत लागलेला नाही.

पुढे माझी बदली खालापूरला झाली. मिस्त्रीची नोकरी सुटली होती, पण तो कर्जतलाच राहिला. मी त्याला शेवटचे पाहिले ते पारूवहिनी गेल्यानंतर सहा वर्षांनी, दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हा. मला कर्जतला गाडी पकडायची होती आणि माझा गाडीवान जुन्या घरावरून चालला होता. नुकते अंधारू लागले होते. नैर्ऋत्येला शनी दिसत होता, कडे पुन्हा पुरे उघडलेले असणार, हे मला न पाहता माहीत होते. मिस्त्रीच्या अंगणात आडोसा राहिला नव्हता. खुर्ची आणि दुर्बीण उघड्यावर रस्त्याच्या कडेला मांडलेली होती. गावात ऐकले होते की तो येणाऱ्याजाणाऱ्या बायांना बोलावून शनी दाखवतो, आणि लोक त्याला डोक्याने जरा सुटलेला समजतात.

ठाकुरवाडीकडची एक म्हातारी डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन चालली होती. बहुधा बाजारात मोळी खपली नव्हती. मिस्त्रीने तिला थांबवले. मी गाडीवानाला बैल आवरायला सांगितले.

"ये गं बाय, बस. वर एक मजा हाय ती दावतो."

"नको बाबा. मान मोडंल माजी."

मला वाटले, आता तो उशीला हात घालील, पाठीची दांडी खालच्या खाचेत टाकील. त्याचा हात तिकडे गेलाही. मग तो थांबला. म्हातारीच्या तोंडाकडे त्याने नीट पाहिले.

"भ्या वाटतं का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

म्हातारीने दुर्बिणीकडे पाहिले, मग ती जिकडे रोखलेली होती तिकडे. "व्हय," ती म्हणाली.

"मग नको बघू. तशीच बस वाईच. लांब जायचंय तुला."

त्याने तिच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली आणि दुर्बीण भिंतीकडे फिरवली. म्हातारी आधी खुर्चीच्या कडेवर टेकली, मग हळूहळू मागे रेलली. एवढी आरामाची जागा तिला बहुधा नवी असावी. तिने दोन्ही हातांनी फळी चाचपून पाहिली. गाडीवान मला घाई करू लागला. मी मिस्त्रीला हाक मारली नाही. गाडी वळणावर गेली तेव्हा म्हातारीचे डोळे मिटलेले होते, आणि मिस्त्री दोन हात अंतरावर तिची मोळी खांद्याला टेकवून उभी धरून थांबला होता, ती उठेपर्यंत.